पाहुण्या मेंढ्या

मोजणीच्या आदल्या दिवशी थोरलीच्या मेंढवाड्यात पाहुण्या आल्या.

त्या डोंगरउतारावर तसंच म्हणायची पद्धत होती. सरकारी मोजणीला ज्याचा कळप कमी भरेल त्याला शेजारचे आपल्या मेंढ्या एका दिवसापुरत्या द्यायचे. मोजणीवाला गेला की पाहुण्या आपापल्या घरी. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कळप साठाच्या खाली गेला की सरकारी यादीतून नाव उतरायचं, आणि नाव उतरलं की चाऱ्यासाठी, नव्या मेंढ्यांसाठी मिळणारं हलक्या व्याजाचं कर्ज बंद व्हायचं. गेल्या थंडीत थोरलीची निम्मी जनावरं गारठून मेली होती. खरा आकडा सांगितला तर कर्ज नाही, आणि कर्जाशिवाय कळप पुन्हा भरणार कसा? ज्याची जनावरं मेली त्यालाच मदत नाही, हा नियम कुठल्या शहाण्याने केला, असं ती दरवर्षी विचारायची. समोर बहुधा एखादा मेंढाच असायचा. तो काय उत्तर देणार?

थोरली म्हणजे हाडापेराने मोठी बाई, दार खांद्याने ढकलणारी. नवरा गेल्यावर दिराने वाटणी मागितली, तेव्हा तिने तरण्या मेंढ्या त्याच्याकडे हाकलल्या आणि म्हाताऱ्या स्वतःकडे ठेवल्या. "माझा आवाज ओळखतात त्या, तुमच्याकडे येऊन बावरतील," एवढंच म्हणाली. पुढे दीर शहरात कामाला गेला आणि वरच्या अंगाचा मेंढवाडा त्याच्या बायकोच्या, धाकटीच्या, गळ्यात पडला. तिला मेंढी कातरायला, खूर तासायला, अडलेलं कोकरू सोडवायला थोरलीनेच शिकवलं. शिव्यांसकट.

त्या संध्याकाळी दोघी जावा मेंढ्यांच्या पाठी रंगवत बसल्या होत्या. थोरलीच्या मेंढ्यांना निळा ठिपका, धाकटीच्यांना लाल. लाल रंग रॉकेलच्या बोळ्याने पुसायचा आणि वर निळा मारायचा.

"जाऊबाई, हा तर जांभळा झाला!"

"होऊ दे. मोजणीवाल्याला रंग कळत असते तर तसली टाय घातली असती का त्याने?"

धाकटी खुदकन हसली. मग हातातल्या मेंढीकडे बघत म्हणाली, "ही लाळ का गाळतेय हो?"

"रॉकेलचा वास. तू पण गाळशील, नाकाशी धरलं तर."

धाकटीला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं तिला.

सकाळी मोजणीवाला आला, त्याच्याबरोबर जनावरांच्या डॉक्टरीण बाई आल्या. पोरसवदा, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. धाकटीने फाटकातून एकेक मेंढी सोडायची आणि मोजणीवाल्याने आकडा पुकारायचा. आकडा साठाच्या पुढे गेला तशी थोरलीने छातीत धरून ठेवलेली हवा सोडली.

"बाई, तुमच्या काही मेंढ्या जांभळ्या कशा?" मोजणीवाल्याने विचारलंच.

"डबा जुना आहे साहेब. माझ्यासारखा. कधी काय रंग दाखवेल नेम नाही."

तो हसला. डॉक्टरीण बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एका जांभळ्या मेंढीचं तोंड उघडलं होतं, आणि ते मिटायचं त्या विसरल्या होत्या. जिभेवर फोड होते. त्यांनी खूर उचलून बघितला. दुसरी मेंढी धरली. तिसरी.

"फाटक लावा," त्या म्हणाल्या. "आता इथून कुणी बाहेर जायचं नाही. लाळ्या-खुरकूत आहे."

थोरलीला पुढचं सांगायची गरज नव्हती. हा रोग निघाला की सगळा कळप मारायचा, खड्डा करून पुरायचा, आजूबाजूचे मेंढवाडे तपासायचे.

"ताई, हे तुम्हाला आधी दिसलं होतं?" डॉक्टरीण बाईंनी तिला विचारलं.

"नाही."

"मग आज दिसलं, आज नोंदवलं, असंच मी धरते. मोजलेल्या सगळ्यांची भरपाई तुमच्या नावावर, वर नवीन कळपासाठी कर्ज. ज्याने स्वतःहून कळवलं त्याला सगळं मिळतं. लपवलं आणि आम्हाला सापडलं, तर मात्र काहीच नाही. उद्यापासून वरचे मेंढवाडे बघू." एवढं बोलून त्या फोन लावायला गाडीकडे गेल्या. मोजणीवाला बूट धुवायला नळाशी गेला.

थोरलीने धाकटीला दंडाला धरून चाऱ्याच्या खोलीत ओढलं.

"जांभळी होती ती."

"बघितलं मी."

"म्हणजे रोग तुझ्याकडून आलाय. वर राहिलेल्यांचं काय? सकाळी तोंडं बघितलीस?"

"बऱ्या आहेत त्या."

"मी विचारलं, तोंडं उघडून बघितलीस?"

धाकटी कडब्याची काडी मोडत राहिली. मग भडाभडा बोलू लागली, "दोन लंगडताहेत. दगड लागला असेल. जाऊबाई, आपण गप्प राहू ना. पाहुण्यांची भरपाई तुमच्या नावावर येईल, ती आपण वाटून घेऊ. कोण विचारतंय?"

"उद्या ही बाई तुझ्या दारात येईल आणि तिला 'सापडेल'. मग तुला काय मिळणार? राख? आणि तुझं पाणी खालच्या सगळ्यांच्या हौदात उतरतं, ते वेगळंच. आत्ता जा आणि तिला सांग. माझ्या मेंढ्यांना पण झालंय म्हणून सांग."

"त्या विचारतील ना, रोग दोन्ही वाड्यांत एकदम कसा आला म्हणून! मग पाहुण्या निघतील. खोटी मोजणी निघेल. तुमचं सगळं जाईल."

"जाईल."

"भरपाईपण जाईल. कर्जपण."

"मला ऐकू येतं. मी बहिरी नाही."

"मग माझ्या तोंडून का वदवून घेताय? तुम्हीच सांगा की!"

"मी सांगितलं तर तुझं ते 'सापडलं' झालं. तू सांगितलंस तर 'कळवलं'. डोकं गहाण ठेवलंयस का?" थोरलीचा आवाज चिरकला. तिने तो खाली आणला. "माझ्या म्हाताऱ्या आहेत, बाई. आज ना उद्या जाणारच होत्या. तुझ्या पोटापाण्याच्या आहेत, तरण्या आहेत. सगळंच बुडवू नकोस."

"मी तुमच्या विरुद्ध बोलू? त्या मोजणीवाल्यासमोर?"

"माझ्याकडे बघूच नकोस. त्या बाईच्या बुटांकडे बघ आणि बोल."

धाकटी बाहेर आली ती रडत नव्हती, एवढंच. गाडीपाशी जाऊन ती खरंच बुटांकडे बघत म्हणाली, "डॉक्टरीण बाई, मला कळवायचंय. त्या जांभळ्या माझ्या आहेत. वर माझ्या अजून आहेत, दोन लंगडताहेत. काल संध्याकाळी खाली आणल्या. मोजणी भरायला."

मोजणीवाल्याने नळ बंद केला. मगाशी जांभळ्या रंगाला हसलेला तोच माणूस आता थोरलीकडे असा बघत होता, जणू तिने त्याच्या खिशात हात घातला होता.

"खरं आहे का हे?"

"खरं आहे."

"म्हणजे नाव कायमचं गेलं तुमचं. भरपाई नाही. पुढे जनावर पाळायचं नाही, हात लावायचा नाही. कळलं ना?"

"मोठ्याने बोललात तेवढ्याने सगळ्या डोंगराला कळलं," थोरली म्हणाली. पण त्यात नेहमीची धार नव्हती.

डॉक्टरीण बाईंनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत सांगितलंत." धाकटीने तो खांदा असा काढून घेतला की बाई गोंधळल्या.

दुपारी माणसं आली, खणणारं यंत्र आलं. आधी खालचा मेंढवाडा, मग वरचा. थोरली फाटकात उभी राहून एकेकीला हाक मारून बाहेर काढत होती, कारण दुसऱ्या कुणाच्या हाकेला त्या येत नव्हत्या. म्हाताऱ्या मेंढ्या तिचा आवाज ओळखून सरळ चालत आल्या. एका माणसाने तिला सांगितलं, "मावशी, तुम्ही घरात जा." ती गेली नाही.

धाकटीचं कर्ज झालं. हिवाळा संपता संपता ट्रकमधून नव्या मेंढ्या आल्या. पण डोंगरावर तिच्याशी कुणी धड बोलेना. "जावेला विकून कळप घेतला," असं नळावर तिच्या समोर बोललं गेलं. थोरली घरोघर जाऊन सांगत फिरली, "मीच तिला बोलायला लावलं." लोक मान हलवायचे. मोठ्या मनाची बाई, म्हणायचे, घरची अब्रू झाकते. थोरलीने असं केलं की धाकटीची अब्रू आणखीच जायची. शेवटी धाकटीच म्हणाली, "पुरे करा जाऊबाई. तुम्ही बोललात की मी अजून वाईट ठरते." तेव्हापासून दोघींचं बोलणं कमी होत गेलं. थोरली आता दूधसंकलनाच्या केंद्रात डबे धुते. गरम पाण्याने तिचे हात सोलवटलेले असतात.

एकदा केंद्रातून परतताना तिला वरच्या अंगाने मेंढीचं कण्हणं ऐकू आलं. न ऐकल्यासारखं करून ती चार पावलं पुढे गेली, मग वळलीच. धाकटी आत गुडघ्यांवर बसली होती. मेंढी अडली होती.

"या ना आत! माझ्याने होत नाहीये!"

थोरली तारेबाहेरच थांबली. "मी हात लावायचा नाही."

"इथे कोण बघतंय?"

"तुझ्यावर बोट ठेवायला टपलेत सगळे. माझ्या पायी तुझं नाव उतरलं तर? हात घाल. डोकं लागतंय?"

"एकच पाय लागतोय."

"दुसरा मागे मुडपलाय. कोकराला आधी आत ढकल. ढकल म्हणते ना, ओढू नकोस गं, गाढवा! आता खूर मुठीत झाक, आत पिशवी फाटायला नको. आण पुढे."

बोलताना थोरलीने तार एवढी घट्ट धरली होती की पुढचा खांब हलत होता. कोकरू बाहेर आलं, ओलं, निपचित.

"त्याचं नाक पूस. पाय धरून झुलव त्याला. जोरात."

धाकटी झुलवत राहिली. बराच वेळ. मग तिने त्याला गवतावर ठेवलं.

"गेलं का?" थोरलीने विचारलं.

धाकटीने त्याच्यावर मूठभर गवत ओढलं.

"दुसरं असेल अजून," थोरली म्हणाली. "रडू नकोस. हात घाल."