मंडळाच्या यादीतली माझी साखर

देवासच्या आमच्या मंडळाच्या सचिवांनी मला फसवलं. हे रागात लिहीत नाही. राग त्यांच्या अंगणात काढून झाला आहे.

मी इथे कारखान्यात फिटर म्हणून आलो, पुढे जुन्या मोटर-पंपांचा धंदा उभा केला. सौद्यात आपला आकडा मी कधी आधी सांगितला नाही. गणेशोत्सवात मंडळाने रक्ततपासणीचं शिबिर ठेवलं, तेव्हा मात्र बोट पुढे केलं. साखर दोनशे चाळीस निघाली. सचिवांनी ती लिहून घेतली, मी सही केली. सही तपासणीपुरती होती.

सचिवांच्या लॅपटॉपवर समाजाची एकच यादी आहे. गोत्र, रक्तगट, लग्नाची मुलं-मुली, सगळं घरटी एका ओळीत. साखरेचा रकाना त्यांनी तिथेच जोडला. धारच्या मंडळाने लग्नाच्या मुलींची माहिती मागितली, तेव्हा यांनी अख्ख्या ओळी पाठवल्या.

धारच्याच एका जुन्या घराण्यात माझ्या मुलीचं जमत आलं होतं. पत्रिका जुळली होती, दोघं फोनवर बोलत होती. आम्ही बैठकीला गेलो. चहा आला. माझा कप वेगळ्या बशीत होता. घोट घेतला, बिनसाखरेचा. साखरेचं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मुलाच्या आत्याबाईंनी शांतपणे विचारलं, "आपल्या मातोश्रींनाही होती का?"

आई शेवटपर्यंत गूळ खायची, असं मी सांगितलं. बायको माझ्या कपाकडे बघत राहिली.

चार दिवसांनी निरोप आला, मुलाला सध्या लग्न करायचं नाही. मुलीने फोन उलटा ठेवला. "बाबा, जुना पंप घेताना तुम्ही कधी आधी आकडा सांगता का?"

मी सचिवांकडे गेलो. ते माळवी ढंगात म्हणाले, "भिया, बाहेर थोडीच गेलं? आपल्याच लोकांत आहे." माझ्यादेखत रकाना पुसला. धारच्या यादीचं काय, विचारलं, तर ती आता धारवाल्यांची म्हणे. इतक्यात आतून वहिनींनी विचारलं, "भाऊजींचा बिनसाखरेचा ना?" त्यानंतर मी जे बोललो ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. त्याबद्दल वहिनींची माफी मागतो, सचिवांची नाही.

रविवारी मंडळाची सभा आहे. माझी साखर धारला पाठवायची परवानगी कोणी दिली, हे सचिवांनी तिथे उभं राहून सांगावं. मुलगी पहिल्या रांगेत बसेल. उत्तर तिला द्यावं.