मामाच्या फोनची दसऱ्याची सुट्टी

जगातलं प्रत्येक यंत्र आपल्याला शिकवण्यासाठीच जन्माला आलं आहे, असं मानणारा माणूस पृथ्वीवर एकच झाला आणि तो नेमका माझा मामा निघाला. लालबागच्या त्याच्या चाळीत टेपरेकॉर्डर आले तेव्हा शेजाऱ्यांनी भजनं लावली. मामाने इंग्रजी संभाषणाची कॅसेट लावली आणि तिच्यातली बाई 'गुड मॉर्निंग' म्हणाली की उठून उभं राहायचा प्रघात पाडला. टीव्हीवर दुपारी कॉलेजच्या पोरांसाठी धडे लागत. मामाला त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी केस विंचरून तो समोर मांडी घालून बसायचा. मध्येच कुकरची शिट्टी झाली की म्हणायचा, "गो, मास्तर बोलतत. जरा दम धर." मामी म्हणायची, "मास्तरांका सांगा, डाळ शिजली नाय तर तुमचो विद्यार्थी उपाशी रवतलो."

या हौसेमागे एक जुनं दुखणं होतं. मामा गिरणीत साच्यावर कापड विणायचा आणि दिवसपाळी करून रात्रशाळेत जायचा. दहावीच्या वर्षीच संप झाला. साचे थांबले, मामा दादरला भाजी विकायला बसला आणि दहावी राहिली ती राहिलीच. पुढे गिरणीच्या जागी काचेचा मॉल आला, पण मामाच्या मनातली दहावी काही जागची हलली नाही. साठी उलटल्यावर त्याने पुन्हा रात्रशाळेत नाव घातलं, आणि नेमकी त्याच वर्षी शाळा फोनवर भरायला लागली. मामा हरखला. यंत्र आणि मास्तर एकाच डबीत! हजेरीला हा "हजर" म्हणून ताडकन उभा राहायचा, त्यामुळे वर्गाला रोज फक्त त्याच्या बनियनचं दर्शन घडे.

गिरणीत दसऱ्याला साचे पुसून, झेंडू वाहून पुजत आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नसत. गिरणी गेली, मामाचा नेम गेला नाही. साच्यावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा जुना लाकडी धोटा तो पाटावर मांडायचा, शेजारी टेप, आणि आता फोन. इंग्रजीची तोंडी परीक्षा नेमकी दसऱ्यालाच आली, कारण विद्यार्थी सगळे नोकरदार, सुट्टीच्याच दिवशी मोकळे. मी सोनं द्यायला गेले तर इस्त्रीचा शर्ट घातलेला मामा पाटासमोर हात जोडून उभा, आणि पाटावर फोन वाजतोय. गळ्यात झेंडूची माळ, कॅमेऱ्यावर कुंकवाचं बोट.

"मामा, उचल ना. ही चुकली तर तुझं वर्ष जाईल."

"पुजलेल्या मशीनीक आज हात लावूचो नसता." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

मामीने पदराला हात पुसले. "गिरणीत तुमी होतात. मी खंय होतंय?" असं म्हणून तिने बटण दाबलं.

पलीकडून परीक्षा घेणाऱ्या बाईंचा आवाज आला, "आजोबा, सगळं लाल दिसतंय. कॅमेरा बिघडलाय का?"

"नाय बाई, आज दसरो. आमचो गिरणीतलो नेम, ता कुंकू पुसूचा नाय."

 "राहू द्या. माझे बाबाही गिरणीतच होते," बाई म्हणाल्या आणि इंग्रजीत विचारलं, तुम्ही काय काम करता? आठवडाभर मी त्याच्याकडून भाजीविक्रीचं उत्तर घोकून घेतलं होतं. मामाने धोट्याकडे पाहिलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "मॅडम, आय वीव्ह क्लॉथ." मी कापड विणतो! 'अहो, भाजी' म्हणायला मामीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. 

मामा दहावी पास झाला. त्याने अख्ख्या चाळीला पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी अकरावीची पुस्तकं आणली. ती अर्ध्यावर असतानाच तो गेला. फोन, टेप, धोटा, सगळं मामीने जपून ठेवलंय. दसऱ्याला आम्ही दोघी मिळून पाट मांडतो. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामीने ती जुनी कॅसेट लावली. बाई 'गुड मॉर्निंग' म्हणाली, आणि आम्ही दोघी उभ्या राहिलो.