विमलबाईंच्या तीन खाटा

बुलढाण्याच्या नर्सिंग कॉलेजात वंदना सिस्टर भूल उतरणाऱ्या पेशंटची देखभाल शिकवतात. पोरींपुढे रबरी पुतळा असतो, शेजारी मॉनिटर. पण पुतळ्याची हनुवटी धरली, की सिस्टरांना हटकून विमलबाई आठवतात.

तीस वर्षांपूर्वी वरवट बकालची वंदना तालुक्याच्या दवाखान्यात नवीच लागली होती. थिएटरबाहेरच्या तीन खाटांवर थोरल्या नर्स विमलबाईंचं राज्य होतं. यंत्रं नव्हती, बाईंची नजर आणि तळहात, एवढ्यावर सारा कारभार.

एका दुपारी हर्नियाचं ऑपरेशन झालेले शालिग्राम नावाचे शेतकरी खाटेवर आले आणि थोड्याच वेळात घोरू लागले. वंदना निर्धास्त कागद भरत बसली. विमलबाई धावतच आल्या. दोन्ही हातांनी त्यांनी शालिग्रामांचा जबडा पुढे उचलून धरला. घोरणं थांबलं, काळवंडलेल्या ओठांवर रंग आला.

"काऊन बसून होती वं?"

"मले वाटलं, गाढ झोपले."

"ते झोप नाही, पोरी. जीभ मागं पडली होती. भुलीतला माणूस घोरला का समजाचं, हवेची वाट अडली."

वंदनाला रडू कोसळलं. बाई रागावल्या नाहीत. तिचा हात त्यांनी पेशंटच्या नाकाशी नेला. "ऊन हवा लागते ना? बस आता इथंच."

महिनाभर त्यांनी तिला तसंच बसवलं. नखांचा रंग पाहणं, कुशीवर वळवणं, घरच्या नावानं हाक मारणं, सारं तिथंच शिकून झालं.

पुढे बाई निवृत्त होऊन धाड गावी राहायला गेल्या. गेल्या वर्षी पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी बुलढाण्याला आल्या, तेव्हा वंदना सिस्टर सुट्टी काढून उशाशी बसल्या. भूल उतरता उतरता बाई पुटपुटल्या,

"पेशंट कसा हाये?"

बाई अजून ड्युटीवरच होत्या!

"चांगला हाये, बाई."

"मंग तू च्या पेऊन घे."

संध्याकाळी बाई पूर्ण शुद्धीवर आल्यावर सिस्टरांनी त्यांना हे सांगितलं. बाई आधी लाजल्या. मग दोघींच्या गप्पा निघाल्या: स्टोव्हवर उकळणाऱ्या सुया, शुद्धीवर येताच बैलांची चौकशी करणारे शालिग्राम, आता पाडून टाकलेली ती बैठी इमारत. हसता हसता बाईंनी पोट धरलं.

"पुरे वं, टाके दुखून राह्यले!"