मोंबासातला पापड

मी शिकायला परदेशी गेलो होतो असं सांगितलं की लोक विचारतात, विलायतेला का? नाही हो, बदलापूरला. लोक हसतात. हसा बापडे. माझा जन्म मोंबासाचा, वडील तिथल्या बंदरात कारकून. कॉलेजसाठी त्यांनी मला आगबोटीत बसवून बदलापूरच्या कुळगावात काकांकडे पाठवलं, आणि निघताना पाठीवर थाप मारून म्हणाले, आपल्याच देशात चाललायस, घाबरायचं काय त्यात. आपला देश! वर्ष होत आलं तरी मला या आपल्या देशाचं ओ की ठो कळत नव्हतं. घरातून निघताना मी ‘जातो’ म्हटलं की काकू कपाळाला हात लावायची. ‘येतो’ म्हणायचं असतं म्हणे. येतो म्हणायचं आणि जायचं, हे कुठलं शास्त्र? गावात माझं नावच पडलं होतं, आफ्रिकावाला.

पाकिस्तान होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, त्या सुमाराची ही महाशिवरात्र. काकूने भल्या पहाटे मला उठवलं आणि सूचनांचा मारा सुरू केला. आधी बेलवलीला जाऊन बेलाची पानं आण, मग शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून अंबरनाथला जा, देवळात दर्शन घे, जत्रेत उंडारत बसू नकोस. उपास आहे, अरबट-चरबट पोटात गेलं तर याद राख. मोंबासाला आई उपास करायची आणि मी जेवायचो, अशी आमच्याकडे वाटणी होती. पण काकूपुढे बोलायची माझी काय टाप! तिने रताळी आणि कवठाची चटणी बांधून दिली. गाडी हलली तेव्हा मी गाडीवानाला सवयीने स्वाहिलीत ‘पोले पोले’ म्हणालो. हळूहळू चल, एवढंच मला म्हणायचं होतं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी अंबरनाथ येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

देवळात तर माझी पुरती भंबेरी उडाली. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेलो, बेल वाहिला, तिथवर ठीक. वर येऊन भक्तिभावाने पूर्ण प्रदक्षिणा घातली, तर एक आजोबा अंगावर धावून आले. शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालतात, पिंडीचं पाणी वाहून नेणारी पन्हळ ओलांडायची नसते, एवढंही घरच्यांनी शिकवलं नाही का, म्हणून त्यांनी मला चारचौघांत झापलं. आता परत उलटा फिरू की तसाच उभा राहू, मला काही सुचेना. तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरून गर्दीतून बाहेर ओढलं. तो माझा कॉलेजातला मित्र होता, उल्हासनगरच्या कॅम्पात राहणारा सिंधी मुलगा.

तो मला शोधतच आला होता. म्हणाला, आज तुला माझ्या घरी यायलाच हवं, दादी तुझी वाट बघतेय. दादी म्हणजे त्याच्या वडिलांची आई. तिचा धाकटा मुलगा फाळणीच्या आधीच कराचीहून मोंबासाला नोकरीला गेला होता. मग इकडे सगळंच उलथंपालथं झालं. घर सुटलं, सामान सुटलं, त्या मुलाचा पत्ता ज्यांना तोंडपाठ होता ते मित्राचे आजोबा कॅम्पात येऊन महिनाभरात वारले. मुलगा पत्रं पाठवत असेल तर ती कराचीच्या घरी जात असणार, आणि तिथे आता दुसरंच कुणी राहत होतं. आई कुठे आहे हे मुलाला माहीत नाही, मुलगा कुठे आहे हे आईला माहीत नाही. नातवाच्या वर्गात मोंबासाचा मुलगा आलाय हे कळल्यापासून म्हातारीने त्याच्यामागे धोशा लावला होता.

मला मनातून रागच आला. मोंबासा म्हणजे यांना काय कुळगाव वाटलं, कुणी कुठेही भेटायला? पण मित्राचा चेहरा पाहिला आणि गप बसलो. आम्ही चालत कॅम्पात गेलो. लष्कराच्या जुन्या लांबलचक बराकी, मधे गोणपाटाचे आडपडदे घालून केलेली बिऱ्हाडं. दादीने मला खाटेवर बसवलं, आणि एक शब्दही न बोलता माझ्यापुढे पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड ठेवला.

उडदाचा पापड, आणि माझा उपास! मी हात जोडून नको म्हणालो. दादीचा चेहरा एकदम उतरला. मित्र माझ्या कानाशी लागला, म्हणाला, निदान तुकडा तरी मोड, पाहुण्याने पापड खाऊन पाणी प्यायल्याशिवाय ती काही विचारणार नाही. मी काकूची मनात माफी मागून तुकडा तोंडात टाकला, आणि तो दातांखाली कुरकुरताच मला मोंबासाचा बाजार आठवला.

तिथे एक कापडाचं दुकान होतं. आई लुगडं घ्यायला गेली की तिथले शेठ कापड दाखवायच्या आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे करायचे. दुसऱ्या कुठल्याच दुकानात असं होत नसे. घरी आल्यावर आई हसायची, जेवणाचा पत्ता नाही आणि पापड कसला देतात. आम्ही त्यांना गुजराती समजत होतो.

माझ्या तोंडून निघून गेलं, असा पापड देणारा माणूस मोंबासात आहे.

दादीने माझा हात धरला तो सोडलाच नाही. उंच आहे का? मी म्हणालो, उंच आहे. सावळा? सावळाच म्हणायचा. हसताना डोळे मिटतात का? खरं सांगतो, मला त्या शेठांचे फक्त पापड देणारे हात आठवत होते. पण ती जे जे विचारेल ते ते मला आठवायला लागलं. मी खोटं बोलत नव्हतो, शपथेवर सांगतो, त्या घटकेला मला ते मिटलेले डोळे दिसत होते.

मित्राला पलीकडच्या रांगेत एक निरोप द्यायचा होता. मी बरोबर गेलो. तिथल्या बाईने आम्हाला बसवलं आणि पुढे ठेवलं काय, तर पाणी आणि पापड. मी पापडाकडे बघतच राहिलो. तिथून त्याच्या वडिलांच्या मित्राकडे गेलो, तिथेही तेच. मी मित्राला विचारलं, हे सगळेच देतात? तो सहज म्हणाला, सगळेच म्हणजे, आम्ही सिंधी लोक देतोच. त्यात काय?

त्यात काय! मी एका म्हातारीला तिचा मुलगा सापडल्यात जमा करून आलो होतो, आणि पुरावा कसला, तर जो घरोघरी मिळतो.

संध्याकाळी मित्राने मला पुन्हा जत्रेत नेलं. त्याच्या अंगात आनंद मावत नव्हता. पाळण्यात बसवलं, उसाचा रस पाजला, चाचा आला की त्याला पहिल्यांदा हे देऊळ दाखवायचं म्हणाला. गाडीवान शेजाऱ्यांना घेऊन कधीच निघून गेला होता, म्हणजे काकूची बोलणी ठरलेली. भोवती दिवे, पिपाण्या, माणसांचा हा लोंढा, आणि माझ्या डोक्यात नुसता कालवा. शेठ सावळे होते की गोरे? आज मित्राला सांगू, की वडिलांना लिहून खात्री करून मग सांगू? खात्री होईपर्यंत त्या बाईने काय करायचं? हा देश आपला असो की कुणाचा असो, मला त्यातून कुणीतरी उचलून न्यावं असं वाटत होतं. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

रात्री झोपायला त्याच्याच घरी गेलो, तर दादी जागी. रांगेतल्या बायका जमलेल्या. प्रत्येकीचं कुणी ना कुणी कुठेतरी राहिलेलं, आणि त्या शेठांना विचार म्हणून प्रत्येकीचं एकेक नाव तयार. आता मात्र मला राहवेना. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून टाकलं, “अम्मा, पापड तो यहाँ सब देते हैं.”

दादी म्हणाली, “हाँ बेटा, सब देते हैं. पर मोंबासा में तो एक ही दे रहा है ना?”

दुसऱ्या दिवशी कुळगावला आलो, काकूची यथासांग बोलणी खाल्ली, आणि वडिलांना पत्र टाकलं. उत्तर यायला उन्हाळा उजाडला. तोवर मित्र रोज कॉलेजात माझ्याकडे नुसतं बघायचा, विचारायचा नाही. त्याचं ते न विचारणं मला खायला उठायचं.

उत्तर आलं ते नकाराचं. वडील स्वतः दुकानात जाऊन आले होते. शेठ सिंधीच निघाले, पण शिकारपूरचे, कराचीशी त्यांचा संबंध नव्हता. दादीच्या मुलाचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. वडिलांनी शेठांचं नाव कळवलं होतं आणि एकटेच राहतात एवढं लिहिलं होतं.

मी कॅम्पात गेलो. दादीने पाणी ठेवलं, पापड ठेवला. त्या दिवशी उपास नव्हता. मी अख्खा पापड खाल्ला, पाणी प्यायलो, आणि मगच सांगितलं. ती ऐकत होती. रडली नाही. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मग तिने विचारलं, “उस सेठ की माँ को खबर है, वो वहाँ है?”

वडिलांनी ते विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. माहीत नाही म्हणून मी मान हलवली. दादी गुडघ्यावर हात टेकून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला, पायात चपला सरकवल्या आणि कॅम्पात शिकारपूरच्या बायका कोण कोण आहेत ते बघायला निघाली. मी तिच्या मागोमाग गेलो, कारण शेठांचं नाव फक्त मलाच माहीत होतं.