खानेसुमारीबाईंनी कापलेली दहा नावं

माणूस क्लबात येतो तेव्हा टाळ्या वाजतात, फोटो निघतो, कॉलरला बिल्ला लागतो. जातो तेव्हा मात्र दारसुद्धा वाजत नाही. पहिल्या महिन्यात तो बैठकीला येत नाही, दुसऱ्या महिन्यात त्याच्या खुर्चीवर कुणीतरी पिशवी ठेवतं आणि तिसऱ्या महिन्यात तो होता हेच लोक विसरतात. शहरातल्या अकरा सेवा क्लबांत हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि ते फक्त एका बाईंच्या लक्षात यायचं.

या बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरातले चमचे मोजले, उशांचे अभ्रे मोजले आणि नवऱ्याचे मोजे मोजायला घेतले तेव्हा तो म्हणाला, "अगं, घराबाहेर काहीतरी मोजायला शोध बाई." त्याच सुमारास अकरा क्लबांच्या महासंघाला महिन्यातून तासभर फोन करणारं कुणीतरी हवं होतं. प्रत्येक क्लबाच्या चिटणिसाला फोन लावायचा, किती सभासद आले, किती गेले ते विचारायचं आणि तक्ता भरायचा, एवढंच काम. चौदा वर्षांत त्या तासाचे तीन दिवस झाले आणि बाईंचं नाव ‘खानेसुमारीबाई’ पडलं. ते ठेवलं एका चिटणिसाने. एकाच सभासदासाठी बाईंनी त्याला दिवसात चार वेळा फोन केला होता, तेव्हा त्याचाही फार दोष नाही.

तक्त्यात रकाने ठरलेले. आधीचे, आले, गेले, वारले, शिल्लक, आणि जाण्याचं कारण. चिटणीस मंडळी कारणापुढे डोळे झाकून ‘वैयक्तिक’ लिहायची. बाईंना त्या शब्दाची भारी चीड. "दात दुखणंसुद्धा वैयक्तिकच असतं," असं म्हणून त्या गेलेल्या माणसालाच फोन लावायच्या. मग खरं बाहेर पडायचं. स्टेशनजवळच्या क्लबातला शिंपी गेला, कारण शेजारचे गृहस्थ भाषण चालू असताना कडाकड बोटं मोडायचे. बाजारातल्या क्लबातल्या एक शिक्षिका गेल्या, कारण बैठक दुसऱ्या मजल्यावर आणि त्यांचे गुडघे तळमजल्याचे. एक चष्मेवाला तर कुठेच गेला नव्हता. तो एकाच वेळी तीन क्लबांत होता आणि तिन्हीकडे त्याला ‘आमचा’ म्हणत होते. बाईंनी त्याला विचारलं, "बैठकीला बसता कुठे?" जिथे बसत होता तिथे एक मोजला, बाकी दोन्हीकडे शून्य. त्यांचा नियम सरळ होता. जिवंत माणूस, एका ठिकाणी, एकदाच.

या नियमानेच त्या वर्षी घात केला.

जुन्या पोस्टामागे जो क्लब होता त्याला सगळे ‘पोस्टवाले’ म्हणत. त्यांच्या कागदावर बावीस सभासद होते आणि कित्येक महिने ते बावीसच राहिले होते. ना एक आला, ना एक गेला. एवढं निरोगी शहर बाईंनी कुठे पाहिलेलं नव्हतं. त्यांनी एकेक नावाला फोन लावायला सुरुवात केली. तीन जण परदेशी मुलांकडे कायमचे गेलेले. दोघं दुसऱ्या क्लबात नियमाने बसत होते. उरलेल्यांपैकी पाच घरांत फोन उचलणाऱ्याने सांगितलं, की ते आता नाहीत. त्यातले दंतवैद्य तर जाऊन तीन वर्षं झाली होती. बाईंनी दहा नावं कापली. शिल्लकच्या रकान्यात बारा लिहिले.

चौथ्या दिवशी पोस्टवाल्यांचे चिटणीस घरी हजर झाले. यांचं औषधांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना औषधवाला म्हणत. माणूस सज्जन, पण ताकाला जाऊन भांडं लपवणारा. आधी हवेबद्दल बोलला, मग बाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चौकशी केली आणि दुसरा चहा संपल्यावर हळूच म्हणाला, "बाई, एक महिना थांबा. फक्त वार्षिक सभेपर्यंत. ते पाच जण तसेही कुठे जात नाहीयेत."

"ते येतही नाहीयेत," बाई म्हणाल्या.

"माझा हात धजत नाही हो नावं कापायला. वडिलांच्या वयाची माणसं ती. आणि पंधराच्या खाली गेलो की नियमच आहे, नदीपलीकडच्या क्लबात विलीन व्हायचं. मग आमच्या खोलीचं काय?"

ही खोली म्हणजे पोस्टवाल्यांचा जीव. क्लबाच्या बैठका वरच्या मजल्यावर व्हायच्या. खाली, रस्त्याला लागून, एक लांबट खोली होती. तिच्यात चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर आणि डोक्याकडची बाजू हँडलने वर होणारे लोखंडी पलंग ठेवलेले असत. घरात कुणी आजारी पडलं की यायचं, चिठ्ठीवर सही करायची आणि वस्तू न्यायची. काम झालं की परत आणायची. नदीपलीकडचा क्लब हे सगळं नेऊन आपल्या गोदामात टाकणार होता. ते गोदाम सात किलोमीटरवर आणि उघडं फक्त रविवारी. पाय मोडलेल्या माणसाने रविवारपर्यंत काय करायचं, याचं उत्तर नियमात नव्हतं.

बाईंना ही खोली चांगली ठाऊक होती. त्यांच्या सासूबाईंचे शेवटचे अकरा महिने इथल्याच एका पलंगावर गेले होते. तरी त्या म्हणाल्या, "मेलेल्या माणसाची हजेरी मी लावणार नाही."

औषधवाला उठला. दाराशी जाऊन म्हणाला, "चाळीस वर्षांचा क्लब तुम्ही बुडवलात, बाई." आवाज चढवला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

दोन दिवस बाईंना घास गोड लागला नाही. नवरा म्हणाला, "खरं लिहिलंस ना? मग झालं." पण झालं नव्हतं. आपण खरं लिहिलं आणि त्या खऱ्यापायी उद्या कुणाची तरी सासू जमिनीवर गादी टाकून झोपणार, हे त्यांना सहन होत नव्हतं.

तिकडे औषधवाला सभासद शोधत वणवण फिरत होता. बँकेत गेला, केशकर्तनालयात गेला, स्वतःच्या दुकानात खोकल्याच्या औषधाबरोबर क्लबाचा अर्ज द्यायला लागला. गिऱ्हाईक औषध घ्यायचं आणि अर्ज काउंटरवर विसरायचं.

विलीनीकरणाआधी खोलीतल्या वस्तूंची यादी महासंघाला हवी होती आणि ती करायचं कामही बाईंच्याच गळ्यात आलं. मंगळवारी सकाळी त्या खोलीत गेल्या. एक म्हातारी स्टुलावर बसून चाकाच्या खुर्चीला तेल घालत होती. टेबलाशी दोन जावा खुर्च्यांच्या गाद्या शिवत होत्या. कोपऱ्यात एक आडदांड गृहस्थ पलंगाचं हँडल खोलत होता. बाईंनी वस्तू मोजल्या आणि ताळा करायला वर्षभराच्या चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक चिठ्ठीवर दोन सह्या होत्या, एक नेणाऱ्याची आणि एक देणाऱ्याची.

चिठ्ठ्या निघाल्या तीनशे बारा. देणाऱ्याच्या सह्या बघता बघता बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी यादीतली बारा नावं शेजारी ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बारा सभासदांच्या सह्या फक्त एक्केचाळीस चिठ्ठ्यांवर होत्या. उरलेल्या दोनशे एकाहत्तर चिठ्ठ्या कुणा भलत्यांनीच दिलेल्या. निरनिराळ्या सह्या मोजल्या तर अकरा.

"ही सही कुणाची हो?" त्यांनी विचारलं.

"माझी," म्हातारी तेलाची बाटली खाली ठेवत म्हणाली.

"तुम्ही सभासद आहात?"

"छे! मुलगा आहे ना. एका घरातून एक पुरे झाला. सभासद म्हणजे वर बसतात ते. आम्ही खालचे."

तो आवाज ऐकला आणि बाई दचकल्या. एकतीस वर्षं आवाजांवर काढलेला कान होता तो. ही औषधवाल्याची आई. चौदा वर्षं दर महिन्याला चिटणिसाच्या घरचा फोन हीच उचलत होती आणि बाई दर महिन्याला तिला एकच वाक्य म्हणत होत्या, "चिटणिसांना द्या." कधी विचारलं नव्हतं, की तुम्ही कशा आहात, तुम्ही काय करता. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या तिथल्याच एका चाकाच्या खुर्चीवर बसल्या.

मग त्यांनी बाकीच्या सह्या विचारल्या. जावा दोघी, नवरे सभासद. आडदांड गृहस्थ बसचालक. बायको सभासद, हा पलंग खांद्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचवायचा. एक निवृत्त परिचारिका, भाऊ सभासद. दोन सुना, सासरे सभासद. आणि गेलेल्या पाचांपैकी चौघांच्या बायका. नवरे गेले, वर दोन मिनिटं शांतता पाळली गेली आणि पुढच्या मंगळवारी या बाया नेहमीसारख्या खाली खोली उघडायला आल्या त्या आजतागायत येतच होत्या.

बाई तशाच दुकानात गेल्या आणि अकरा नावं औषधवाल्यासमोर ठेवली. त्याने वाचली आणि गोंधळून म्हणाला, "पण ही तर घरचीच माणसं. त्यांना सभासद कसं करायचं? ती आपलीच आहेत."

"आपलीच म्हणून तर मोजायची राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा मारताय तुम्ही."

नियम बाईंना तोंडपाठ होता. वर्षभर सेवा केलेली असावी, दोन सभासदांची शिफारस असावी आणि अर्जावर स्वतःची सही असावी. शिफारशी दुपारपर्यंत झाल्या. सह्यांना आठवडा लागला. एक जाऊ म्हणाली, वर बैठकीत बोलायचं काय? दुसरी म्हणाली, ही बोलणार असेल तर मीही बोलेन. सगळ्यांत अवघड दार होतं दंतवैद्यांच्या बायकोचं. तिने बाईंना आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "मागच्याच महिन्यात तुम्ही यांचं नाव कापलंत. आता माझं लिहायला आलात?"

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांचं नाव कापायला निदान यादीत होतं तरी. तुम्ही एकोणीस वर्षं काम करताय आणि तुमचं नाव कापायलासुद्धा कुठे लिहिलेलं नव्हतं. ती चूक मीही केली."

तिने अर्ज घेतला, चष्मा शोधला आणि सही केली. मग कागद जवळ धरून स्वतःचीच सही पुन्हा वाचली.

बारा आणि अकरा, तेवीस. औषधवाला खुशीत येऊन म्हणाला, "तुम्हीही सही करा बाई, चोवीस होतील." बाईंनी मान हलवली. तराजूने स्वतः पारड्यात बसू नये, असं त्यांचं मत होतं.

वार्षिक सभेला सभागृह भरलं होतं. महासंघाचे अध्यक्ष हे माजी प्राचार्य, त्यामुळे समोरचा प्रत्येक जण त्यांना कॉपी करणारा वाटायचा. पोस्टवाल्यांच्या विलीनीकरणाचा ठराव आला तेव्हा त्यांनी नवी यादी चष्म्यावरून पाहिली. "एका महिन्यात अकरा सभासद? कागद भरायला नावं गोळा केलेली दिसतात."

बाई उठल्या. चौदा वर्षांत त्या सभेत पहिल्यांदाच बोलत होत्या, पण आवाज एक्स्चेंजमधला होता, शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचणारा. "अध्यक्षमहाराज, या क्लबाची दहा नावं खोटी होती, ती मीच कापली. त्यावरून तुम्ही हा ठराव आणलात, तेव्हा माझी मोजणी तुम्हाला खरी वाटली. मग ही अकरा नावंही त्याच हाताने लिहिली आहेत. शंका असेल तर या वर्षभराच्या चिठ्ठ्या. अर्जावरच्या सह्या यांच्याशी ताडून बघा. अशाच एकोणीस वर्षांच्या चिठ्ठ्या खोलीच्या कपाटात आहेत. हव्या असतील तर हातगाडी पाठवा."

चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर गेला. अध्यक्षांनी एक पाहिली, दुसरी पाहिली, मग चांगल्या पंधरा-वीस पाहिल्या. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "हजेरी घ्या," ते चिटणिसाला म्हणाले, पण आता आवाजात प्राचार्य नव्हता.

औषधवाला उभा राहून नावं वाचू लागला. परिचारिका हजर. बसचालक हजर. जावा दोघी एका सुरात हजर. दंतवैद्यांच्या बायकोचं नाव आलं. ती उभी राहिली, सभागृहभर नजर फिरवून "हजर" म्हणाली आणि पुन्हा बसायला विसरली. मग औषधवाला थांबला. यादीतलं शेवटचं नाव त्याच्या आईचं होतं आणि ते त्याने जन्मात कधी मोठ्याने घेतलं नव्हतं.

"पुढचं?" अध्यक्षांनी विचारलं.

त्याने आईचं पूर्ण नाव वाचलं.

म्हातारी काठी टेकत उभी राहिली. "हजर," ती म्हणाली. "आणि उभीच आहे तर सूचना मांडते. परवा मंगळवार आहे. आम्ही अकरा जण आता वर बैठकीला बसणार, तेव्हा तुम्ही बारा जणांनी खाली यायचं आणि चाकांना तेल घालायचं. लिहून घ्या, चिटणीस."

चिटणिसाने लिहून घेतलं. सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं, नदीपलीकडचेही वाजवत होते, आणि ठराव मागे घेतल्याचं अध्यक्षांनी जे सांगितलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही. बाईंना मात्र ओठांवरून कळलं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्यांनी ती पुसली नाही.

टाळ्या चालू असतानाच त्यांनी तक्ता पुढे ओढला. आधीचे बारा. गेले शून्य. वारले शून्य. ‘आले’च्या रकान्याशी पेन्सिल अडली, कारण त्यात आल्याची तारीख लागते आणि आजची तारीख लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. त्यांनी तो रकाना आडव्या रेघेने कापला, शिल्लकपुढे तेवीस लिहिले आणि कडेच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत खुलासा केला: अकरा जण आलेले नाहीत, ते होतेच.