शेवटच्या टप्प्यातलं घर

माझ्या नवऱ्याला कुठलंही काम सांगा, तो आधी त्याचे टप्पे पाडतो. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा त्याने कागदावर चार टप्पे काढले, आणि त्यापायी आम्ही अकरा दिवस स्वयंपाकघरात झोपलो. दाढ ठणकत असली तरी ‘पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणतो. मी बोलत राहते, तो पेन्सिलीला टोक करत राहतो. पालथ्या घड्यावर पाणी.

दोष त्याच्या धंद्याचाही आहे म्हणा. माझ्या धाकट्या भावाची रेतीगोट्याची खाण आहे, आणि ती कुठून, कधी, किती खोल खणायची याचे नकाशे हा काढतो. खड्डा खणायला अक्कल कशाला लागते, असं मलाही पूर्वी वाटायचं. लागते. वरची माती काढल्याशिवाय खालचे गोटे मिळत नाहीत, आणि ती माती ठेवायला जागा लागते. म्हणून पहिला तुकडा खणायचा, दुसऱ्याची माती त्या खड्ड्यात भरायची, तिसऱ्याची दुसऱ्यात. क्रम मोडला की तीच माती दोनदा उचला. हे नवऱ्याने माझ्या भावाला शंभरदा सांगितलं असेल. तरी एका वर्षी पठ्ठ्याने दुसऱ्या तुकड्याची सगळी माती नेऊन टाकली कुठे, तर तिसऱ्या तुकड्यावर. पुढच्या वर्षी जे खणायचं त्याच्याच डोक्यावर डोंगर. का, तर जवळ पडलं. नवरा दोन दिवस धड जेवला नाही. मी दोघांच्याही नावाने बोटं मोडली.

चौथ्या तुकड्यावर आमच्या आईचं घर आहे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दाराशी लिंबाचं झाड. जमीन भावाची, घर बाबांनी बांधलेलं. नेमके त्याच्याच खाली गोटे सगळ्यात चांगले. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याने नकाशा काढला तो असा, की घराची पाळी अगदी शेवटी यावी आणि तोवर आईला तिथून हलावं लागू नये. यंत्राचा आवाज नको म्हणून घराच्या दोन बाजूंना मातीचा उंच बांध घातला. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून चर खणला. सासूसाठी इतकं कोण करतं, असं मी चारचौघांत सांगायचे. त्याच्यासमोर मात्र नाही, नाहीतर डोक्यावर चढून बसला असता.

या वर्षी भावाला घाई सुटली. रस्त्याचं मोठं काम हाती आलं आणि तिसऱ्या तुकड्यात मातकट रेती निघायला लागली. मग चौथा तुकडा आधी घेऊ, म्हणाला. आई काय, त्याच्याकडे किंवा आमच्याकडे राहील. नवरा म्हणाला, चौथ्याची माती ठेवायला आता जागाच नाही. भाऊ म्हणाला, त्यात काय, तिसऱ्यावर टाकू. ये रे माझ्या मागल्या. नवऱ्याने कपाळाला हात लावला आणि मी भावाला फाडफाड बोलले. आई जिवंत असेपर्यंत त्या घराची एक वीटही हलणार नाही, हे त्याला बजावलं. मग तो म्हणाला, आईसमोरच होऊन जाऊ दे.

तेव्हा आम्ही तिघं आईच्या पुढच्या खोलीत जमलो. नकाशा पलंगावर पसरला. दुपारचे तीन वाजले होते तरी खोलीत दिवा लावलेला होता, कारण खिडकीबाहेर बांध होता. नवऱ्याने चारही टप्पे बोटाने दाखवून समजावले. मध्येच भाऊ बोलायचा, त्याच्यावर मी बोलायचे. आई चष्मा लावून नकाशा बघत होती.

“शिवणवालीचं घर कुठे होतं यात?” तिने विचारलं.

शिवणवाली म्हणजे शेजारची बाई. तीस वर्षं दोघींचं एकमेकींशिवाय पान हलायचं नाही. नवऱ्याने पहिल्या तुकड्यावर बोट ठेवलं. तिचं घर पहिल्याच टप्प्यात गेलं होतं.

“मला तिच्याबरोबरच जायचं होतं,” आई म्हणाली. “गावात तिने शेजारशेजारच्या दोन खोल्या बघितल्या होत्या. माझी खोली दोन वर्षं अडवून ठेवली होती तिने.”

माझा पारा चढला. मग बोलली का नाहीस, असं मी जवळजवळ ओरडलेच.

“काय बोलणार? तुम्ही सगळे माझं घर वाचवत होतात. जावईबापू उन्हातान्हात माप घेत फिरायचे. कुठल्या तोंडाने सांगू, की मला इथे राहायचंच नाही?”

नवऱ्याने फाईल उघडली. पहिल्याच पानावर, राहणाऱ्या व्यक्तीची इच्छा, असा रकाना होता. त्यात त्याच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं: शेवटच्या टप्प्यापर्यंत इथेच राहायचे आहे. अक्षर त्याचं, शब्द माझे. आईंना एकदा विचारून येतो, असं तो तेव्हा दोनदा म्हणाला होता. मी कपड्यांना इस्त्री करत होते. तिला काय विचारायचं, ती मेली तरी घर सोडायची नाही, लिही तू, असं मी म्हणाले होते. हे सगळं त्याला आठवलं असणार, कारण तो काही विसरत नाही. पण त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फाईल मिटली आणि मांडीवर ठेवली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला माझी लाज वाटली.

“मग आता तरी चल,” भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात खाणीचं काही नव्हतं. “उद्याच खोली बघतो.”

“आता कुणाशेजारी राहू?” आई म्हणाली. “ती गेली मुलाकडे, लांब. आता राहू दे तुझ्या भाऊजींनी आखलंय तसंच. शेवटी.”

भावाने पुन्हा रस्त्याच्या कामाचं नावही काढलं नाही. नवऱ्याने नकाशाची गुंडाळी केली. त्यातली एक रेघही बदलावी लागली नाही. ज्याच्यासाठी मी नऊ वर्षं सगळ्यांशी भांडत होते ते मला मिळालं होतं, आणि आईच्या डोळ्याला डोळा भिडवण्याची माझी हिंमत होत नव्हती.