पाठमोरे अप्पा

फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर म्हणून दहा वर्षं बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोकच आणून देतात, वर "जरा अर्जंट हाय" म्हणतात. भवानी पेठेतल्या आमच्या दुकानातले हे गेल्या उन्हाळ्यातले. सगळे माझ्या एकाच चित्राचे, त्यामुळे हसू मला फार उशिरा आलं.

होळीनंतर माझे वडील, अप्पा, गेले. गेले त्याच दिवशी सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते पाठ फिरवून कामावर निघाले आणि मीही हाक मारली नाही. मग रोज डबा खाऊन झाला की कॉम्प्युटरवर मी तेवढंच काढायचे, चालत जाणारे पाठमोरे अप्पा. आत काय खदखदतंय ते आपलं आपल्याला कळावं म्हणून. चेहरा काढायला गेलं की हात अडायचा.

*

एकदा मालक रज्जाकभाई मागे येऊन उभे राहिले. "किसका बर्थडे है?"

"कुणाचा नाही भाई. माझ्या मनातलं आहे."

"अच्छा. मग खाली शुभेच्छुक कोण टाकायचे?"

*

शुक्रवार पेठेतला एक कार्यकर्ता त्याच्या साहेबांचा बॅनर बघायला आला आणि माझ्या चित्रावरच अडकला. "ताई, ह्यो माणूस घ्या की आमच्या बॅनरवर."

"अहो, पाठमोरा आहे तो."

"असू द्या की. साहेबांकडं बघणारी जनता वाटंल."

मी वैतागून सांगितलं, हे माझे वडील आहेत, वारलेत. गडी वरमला. मग हळूच म्हणाला, "तर मग साहेबांना थोडं डावीकडं सरकवा. वडिलांना जागा ऱ्हाऊ द्या."

*

आमच्याकडे 'फायनल' नावाच्या फोल्डरमध्ये जे पडेल ते छापायचं, असा रिवाज आहे. एक दिवस मी माझ्यावरच चिडले. बास, पुन्हा काढायचं नाही, म्हणून चित्र 'फायनल'मध्ये टाकलं आणि चहाला गेले. परत येते तर मशीनमधून सहा बाय दहाचे अप्पा बाहेर येत होते.

"सिद्धाराम, विचारायचं तरी!"

मशीनवाला सिद्धाराम शांतपणे म्हणाला, "फायनलमधलं कधी विचारलंय व्हय?"

*

रज्जाकभाईंनी फ्लेक्स गुंडाळून दिला, तो मी घरी नेऊन कोपऱ्यात उभा केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर आईने तो गच्चीवर खाटेच्या वर सावलीला बांधलेला. तोही उलटा. चित्र आभाळाकडे, खाली नुसती कोरी पांढरी बाजू.

माझं डोकंच फिरलं. "आई, महिनाभर डोळे फोडलेत मी त्या चित्रावर. उलटं कशाला बांधलंस? हितनं काहीच दिसत नाही."

आई खाटेवर शेंगा सोलत होती. तिने वर बघितलं. "तिकडनं त्यांची पाठ दिसती न्हवं?"

"हो."

"मग हिकडनं तोंड हाय की."

आणि खाटेवर जरा सरकून म्हणाली, "बस हितं. काय बोलायचं ऱ्हायलंय ते बोल."